पूर ओसरल्यावर: गरजांची पाहणी आणि हक्काचा पाठपुरावा

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत नदीचं पाणी घरात शिरलं की पहिल्या तीन दिवसांत झटपट पाहणी उरकावी. आधी पंचायत आणि मामलेदार कचेरीतून असलेली माहिती घ्या. तेच प्रश्न लोकांना पुन्हा विचारू नका.

मग वाड्यावाड्यांवर जा. फक्त सरपंचांच्या ओट्यावर बसून यादी केली तर भाड्याच्या खोलीतले परप्रांतीय कामगार हमखास सुटतात, कारण त्यांचं नाव ना मतदारयादीत, ना इथल्या रेशनकार्डावर. बायकांशी वेगळं बोला, शक्यतो बाईनंच. चारचौघांत संडासाचा किंवा पॅडचा विषय कोणी काढत नाही. विहिरीत डोकावून पाहा: पाणी गढूळ आहे का, संडासाची टाकी किती अंतरावर आहे.

मोजायला स्फिअर मानकं (आपत्तीतल्या मदतीचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) वापरा: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यात 3.5 चौरस मीटर जागा, 20 जणांमागे एक संडास. ‘पाणी कमी आहे’ या तक्रारीला कोणी विचारत नाही. ‘शाळेतल्या 60 जणांना 900 लिटर हवं, मिळतं 400’ याला उत्तर द्यावं लागतं.

निवेदनात आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चं कलम 12 लिहा. त्यात निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलंय. पोचपावती घ्याच. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, मुदत 30 दिवस. त्यानंतर गोवा मानवाधिकार आयोग. तिथं मात्र घटनेपासून वर्षाच्या आत जा. पीडितांचं नाव, फोटो त्यांच्या संमतीशिवाय कुठंही देऊ नका, वर्तमानपत्राला तर नाहीच.