ब्लॅककरंटची बाग: रोपे घेताना आणि लावताना या चुका टाळा

ब्लॅककरंटचे, म्हणजे काळ्या, आंबट फळांचे घड देणाऱ्या थंड प्रदेशातील पिकाचे झुडूप एकदा लावले की दहा ते पंधरा वर्षे त्याच जागी उभे राहते, आणि म्हणूनच या पिकातील सर्वांत महागडी चूक खतात किंवा फवारणीत नव्हे, तर रोपांच्या खरेदीत होते. ब्रिटन, पोलंड आणि न्यूझीलंडचा कँटरबरी प्रांत येथे हे पीक प्रामुख्याने रस, सरबते आणि गोठवणीच्या उद्योगासाठी घेतले जाते. यंत्राने तोडणी करायची असेल, तर दोन ओळींत ३ मीटर आणि दोन रोपांत सुमारे ४० सेंटीमीटर अंतर ठेवतात. म्हणजे हेक्टरी आठ हजारांहून अधिक रोपे लागतात. एवढी रोपे विकत घेण्यापेक्षा शेजारच्या जुन्या, चांगल्या फळणाऱ्या बागेतून काड्या आणाव्यात, असा विचार साहजिकच मनात येतो, कारण ब्लॅककरंटची पक्व काडी हिवाळ्यात नुसती जमिनीत खोचली तरी सहज मुळे धरते. नेमकी हीच सोय पुढे घात करते.

निरोगी दिसणाऱ्या झुडपाच्या काड्या

ब्लॅककरंटवरचा सर्वांत घातक रोग म्हणजे रिव्हर्शन. तो विषाणूमुळे होतो आणि काडीवरच्या डोळ्यांत (जिथून पालवी व फुले फुटतात त्या अंकुरांत) राहणारा गॉल माइट हा अतिसूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतो. लागण झाल्यानंतर लक्षणे दिसायला दोन वर्षेही लागू शकतात, आणि तोवर झुडूप हिरवेगार असते, फळेही देते. त्यामुळे ‘मातृझुडूप डोळ्यांसमोर निरोगी आहे’ हा पुरावा या पिकात पुरेसा ठरत नाही. विषाणू अंगात आल्यावर त्यावर कोणतीही फवारणी चालत नाही; झुडूप हळूहळू वांझ होते आणि मुळासकट काढून नष्ट करणे एवढेच हाती उरते. सुप्तावस्थेतील काड्यांना गरम पाण्याची प्रक्रिया दिली तर कोळी मरतात, परंतु विषाणू तसाच राहतो. या प्रक्रियेच्या भरवशावर संशयित काड्या वापरणे म्हणूनच चूक आहे.

तपासणीच्या वेळा दोन आहेत आणि दोन्ही चुकवू नयेत. पहिली वेळ उत्तर गोलार्धातील जानेवारी-फेब्रुवारीची. निरोगी डोळा निमुळता, टोकदार आणि काडीला लगटून असतो, तर कोळ्याने भरलेला डोळा वाटाण्यासारखा गोल फुगतो. असा डोळा नखाने उकलून भिंगाखाली धरला, तर आत पांढुरके, लांबट कोळी हजारोंच्या संख्येने दिसतात. वसंतात हा डोळा फुलत नाही, वाळून जातो, आणि त्यातून बाहेर पडलेले कोळी वाऱ्याबरोबर व कीटकांच्या अंगावरून नव्या डोळ्यांत शिरतात. दुसरी वेळ फुलोऱ्याच्या किंचित आधीची, कळ्या अजून मिटलेल्या असतानाची. निरोगी कळीवर बारीक लव असल्याने ती करडी, मंद रंगाची दिसते; रिव्हर्शन झालेल्या झुडपावर ही लव जाते आणि कळी झगझगीत जांभळट-गुलाबी दिसते. काही वाणांत लव मुळातच कमी असते, त्यामुळे तुलना नेहमी त्याच वाणाच्या खात्रीच्या झुडपाशी करावी. पुढे पानांच्या शिरा आणि कडेचे दातेही कमी होतात, पण केवळ पानांवरून निदान करण्याची घाई करू नये.

रोगग्रस्त जुनी बाग बांधालगत तशीच ठेवून शेजारी प्रमाणित (अधिकृत तपासणीत निरोगी ठरलेली) रोपे लावणे ही याच चुकीची दुसरी बाजू. जुनी झुडपे, त्यांच्या मुळ्यांतून आलेले फुटवे आणि कुंपणातली एकटी-दुकटी झाडेसुद्धा आधी काढावीत.

रोपवाटिकेशी व्यवहार

रोपांची मागणी लावणीच्या हंगामात नोंदवणे हा फार सार्वत्रिक दोष आहे. हजारो प्रमाणित रोपे तयार व्हायला किमान एक पूर्ण हंगाम लागतो. उशिरा गेलेल्या ग्राहकाला जे उरले असेल ते मिळते, आणि उरलेल्यात हवे ते वाण क्वचितच असते. मागणी देताना केवळ वाणाचे नाव न विचारता प्रमाणनाचा दर्जा, मातृझुडपांची शेवटची तपासणी कधी झाली आणि मातृबाग फळबागांपासून किती अंतरावर आहे, हे लेखी विचारावे. चांगला रोपवाटिकाधारक या प्रश्नांनी नाराज होत नाही.

वाणाच्या बाबतीत ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द मोघमपणे घेतला जातो. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या इन्व्हरगौरी येथील संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटने, ‘बेन’ मालिकेतील वाण काढले. त्यांपैकी ‘बेन होप’ गॉल माइटला दाद देत नाही, तर ‘बेन गेर्न’ रिव्हर्शन विषाणूला प्रतिकार करते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या भरवशावर दुसरीकडे दुर्लक्ष करता येत नाही. नव्या वाणांवर पैदासकाराचे हक्क असतात. स्वतःच्या बागेतल्या छाटणीच्या काड्यांपासून अशा वाणाची रोपे करून विकणे कायद्यात बसत नाही, हे रोपवाटिका सुरू करणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

उघड्या मुळांची रोपे आल्यावर गठ्ठे शेताच्या कडेला वाऱ्यात पडू देऊ नयेत. जमीन ओली असेल आणि वाफसा नसेल, तर रोपे ओलसर मातीत आडवी पुरून ठेवावीत व मुळे पूर्ण झाकावीत.

लावणी आणि पहिली छाटणी

ब्लॅककरंटला एक खोड नको असते, जमिनीतूनच पुष्कळ काड्या हव्या असतात. त्यासाठी रोप रोपवाटिकेतील मातीच्या खुणेपेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर खोल लावावे आणि लावल्यावर जमिनीच्या वर एक-दोन डोळे ठेवून छाटावे. पैसे मोजून आणलेले रोप बुडापर्यंत कापायला बहुतेकांचा हात धजावत नाही. न छाटलेले रोप पहिल्या वर्षी मूठभर फळे देते खरे, पण पुढे बुडाशी विरळच राहते आणि ती उणीव सहजासहजी भरून निघत नाही.

नंतरच्या वर्षांत फळ मुख्यतः मागल्या हंगामात वाढलेल्या काडीवर येते. म्हणून दरवर्षी जुन्या, काळवंडलेल्या काड्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा बुडातून काढावा. केवळ शेंडे खुडणारी छाटणी झुडूप नीटनेटके करते आणि पीक घटवते. छाटलेल्या काडीच्या मध्यभागी काळे, पोकळ भुयार दिसले, तर ते क्लिअरविंग पतंगाच्या अळीचे काम असते. अशा काड्या यंत्राच्या हादऱ्याने मोडतात. त्या भुयार संपेपर्यंत कापून जाळाव्यात. कँटरबरीत या पतंगासाठी कामगंधाचा (नराला आकर्षित करणाऱ्या मादीच्या गंधाचा) वापर करून नर-मादीचे मीलन रोखले जाते.

खतांत दोन गोष्टी सांभाळाव्यात. नत्र जास्त झाले की कोवळी वाढ भुरीला बळी पडते आणि काड्या लोळतात; लोळलेल्या काडीवरचे फळ यंत्राच्या हाती लागत नाही. पालाश देताना म्युरेटऐवजी (क्लोराइडयुक्त पालाशाऐवजी) सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे, कारण हे पीक क्लोराइडला नाजूक आहे.

फुले येतात, फळ टिकत नाही

अशा वेळी आधी फुलोऱ्यातील रात्रीचे तापमान तपासावे. फुललेल्या घडाला उणे २ अंश सेल्सिअसचे गोठलेले दहिवरही पुरेसे घातक असते, आणि थंड हवा साचणाऱ्या सखल जागी ते हमखास पडते. ‘बेन लोमंड’ हे १९७५ साली आलेले वाण उशिरा फुलते, याचा फायदा नेमका इथे झाला. तापमान ठीक असेल, तर परागीभवन पाहावे. बहुतेक वाण स्वतःच्या परागाने फळतात, तरीही मधमाश्यांविना घडाची टोके गळतात. डोळेच मागे-पुढे फुटत असतील, तर हिवाळ्यातील थंडी अपुरी पडली असे समजावे. ७ अंशांखालील तापमानाचे किमान ८०० तास, आणि कित्येक जुन्या वाणांना त्याच्या दुपटीहून अधिक तास लागतात.

याच कारणाने महाराष्ट्रात, महाबळेश्वर धरूनही, या पिकाची व्यावसायिक लागवड करू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावून द्राक्षाचे डोळे फोडता येतात, कारण द्राक्षाची थंडीची गरजच अल्प असते. तो उपाय इथे उसना घेता येणार नाही. ‘ब्लॅक करंट’ या नावाने बाजारात येणारे काळे मनुके द्राक्षाचेच असतात, त्यामुळे त्यांची मागणी पाहून या झुडपाचा हिशेब मांडू नये. हिमालयाच्या उंच पट्ट्यात प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी परदेशातून काड्या सामानात आणू नयेत. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आधी मिळवावे, आणि आल्यावर रोपे देखरेखीखाली वेगळी वाढवण्याची तयारी ठेवावी.