ईश्वराच्या अस्तित्वावर वादसभा घ्यायची असेल तर

सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयात ‘विज्ञान आणि तर्क ईश्वराच्या अस्तित्वाचा निर्णय देऊ शकतात काय?’ या विषयावर वादसभा ठरवताना पहिले काम वक्ते शोधण्याचे नसून विषय फोडण्याचे आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वराचेच उदाहरण घ्यावे. मंदिराभोवतीचा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवला, हे विधान इतिहासाच्या साधनांनी तपासता येते. नवस बोलल्याने दुखणे बरे होते, हे मोजून पाहता येते. परंतु निराकार शिवतत्त्व चराचराला व्यापून आहे, हे विधान प्रयोगाच्या पकडीत येत नाही, कारण ते खरे असल्यास अमुक घडेल आणि खोटे असल्यास घडणार नाही, असे त्यातून काहीच निघत नाही. आपण कोणत्या जातीच्या विधानाविषयी बोलतो आहोत, हे वक्त्याने आरंभीच सांगावे.

विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्याने पुरावा जेवढा आहे तेवढेच म्हणावे. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांवरील एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले नाही. तेवढ्याने त्या प्रकारच्या प्रार्थनेचा दावा ढासळतो, ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही. विश्वाचा आरंभ महास्फोटाने (बिग बँग) झाला, या कल्पनेचा आधार घेणाऱ्या आस्तिकालाही हीच शिस्त लागू करावी. त्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, तरी आपल्या सिद्धांताला धर्माचा पुरावा मानणे त्यांना मान्य नव्हते.

तर्काच्या फेरीला मात्र सर्वाधिक वेळ द्यावा, कारण आपल्याकडील खरी झुंज तेथेच झालेली आहे. जग हे कार्य आहे आणि प्रत्येक कार्याला कर्ता असतो, म्हणून जगालाही कर्ता आहे, असे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या तार्किकांचे, अनुमान असून उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीची बाजू विस्ताराने मांडली. त्यांच्या नेहमीच्या घटाच्या (मडक्याच्या) दाखल्याऐवजी येथे सोलापुरी चादर घेतली तर हे अनुमान आणि त्यावरचा आक्षेप, दोन्ही श्रोत्यांना चटकन उमगतील: चादरीवरून विणकर कळतो हे खरे, पण सूत रंगवणारा, ताणा भरणारा आणि विणणारा हे निरनिराळे, देहधारी लोक असतात, मग जगाचा कर्ता एकच आणि अशरीरी कशावरून? या प्रश्नाचे उत्तर आस्तिक वक्त्याने तयार ठेवलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूनेही, ईश्वर नाकारणारे सगळे चार्वाक, म्हणजे वेद न मानणारे जडवादी, असे धरून चालू नये; वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगत्कर्ता ईश्वर नाकारला होता. (वक्तृत्व स्पर्धांतून हा मुद्दा क्वचितच ऐकू येतो, ही खेदाची गोष्ट आहे.)

अध्यक्षांनी न्यायदर्शनातील वाद, जल्प आणि वितंडा हा भेद नियम म्हणून वापरावा: सत्यशोधनासाठी चाललेल्या वादाला पूर्ण गुण, केवळ जिंकण्यासाठी केलेल्या जल्पाला निम्मे, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढणाऱ्या वितंडेला शून्य. टाळ्यांवरून किंवा हात वर करून निकाल घेऊ नये. आणि सभा शक्यतो जानेवारीतील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ठेवू नये, कारण त्या दिवसांत श्रोते मिळणार नाहीत.