इंडियम-थायोलेट बनवताना आणि त्याचे स्फटिक वाचताना या चुका टाळा

ट्रायमिथाइलइंडियमवर (इंडियमला तीन मिथाइल गट जोडलेले संयुग) थायॉल (सल्फर-हायड्रोजन गट असलेले सेंद्रिय संयुग) घातला की मिथेन निघून जातो आणि डायमिथाइलइंडियम थायोलेट, म्हणजे एका मिथाइलच्या जागी थायॉलचा सल्फर आलेले संयुग, उरते. कागदावर इतके सोपे. पण इंडियमचे तीन बंधांवर भागत नाही, तो चौथा-पाचवा शेजारी शोधतच राहतो. बहुतेक घोळ हे विसरल्यामुळे होतात.

पहिला घोळ वजनाचा. इंडियम क्लोराइड आणि मिथाइललिथियमपासून ईथरमध्ये बनवलेला ट्रायमिथाइलइंडियम ईथरला घट्ट धरून बसतो. १६० मिग्रॅ तोलून आपण १ मिलिमोल धरतो. पण प्रत्येक रेणूसोबत एक ईथर असेल तर प्रत्यक्षात जेमतेम ०.६८ मिलिमोल असतो. म्हणजे मोजून घातलेला थायॉल जवळजवळ ४६ टक्के जास्त झाला! मग दुसरा मिथाइलही सुटू लागतो, मिश्रण हाती येते आणि दोष मात्र थायॉलच्या शुद्धतेला दिला जातो. आधी बेंझीन-डी६ मध्ये (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले बेंझीन) प्रोटॉन एनएमआर, म्हणजे हायड्रोजनचे प्रकार आणि प्रमाण दाखवणारा चुंबकीय वर्णपट, घ्या, इंडियमवरचे नऊ मिथाइल प्रोटॉन आणि ईथरचे चार ओसीएच२ प्रोटॉन यांचे गुणोत्तर काढा, मगच थायॉल मोजा. तो थंडीत, थेंबथेंब घाला आणि मिथेनला बाहेर जायला वाट ठेवा. बंद फ्लास्कमध्ये दाब चढतो. ट्रायमिथाइलइंडियम हवेत पेट घेतो, हे वेगळे सांगायला नको.

टोल्युइनमध्ये न विरघळणारा पांढरा साका दिसला की ‘विघटन झाले’ म्हणून फेकू नका. सल्फरचे पूल बांधत गेलेली बहुलक साखळी असू शकते. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) किंवा पिरिडीन अशा इंडियमला बांधणाऱ्या द्रावकांमध्ये ती विरघळते, पण त्यातून मिळणारा स्फटिक बहुधा द्रावक इंडियमला चिकटलेल्या वेगळ्याच संयुगाचा असतो. त्याची रचना मूळ पावडरची म्हणून छापणे चूकच. द्रावणातला एनएमआरही घन अवस्थेबद्दल ग्वाही देत नाही.

क्ष-किरणांनी रचना काढताना स्फटिक तेलात घेऊन थंड नायट्रोजनच्या झोतात चटकन बसवा. मॉलिब्डेनमचे क्ष-किरण मिळत असतील तर तेच वापरा. तांब्याचे किरण इंडियम फार शोषतो. शोषण-दुरुस्ती (स्फटिकाने शोषलेल्या किरणांचा हिशेब) नीट झाली नाही तर इंडियमभोवती इलेक्ट्रॉन घनतेची खोटी शिखरे उगवतात आणि तिथे कुणीतरी हायड्रोजन बसवून मोकळा होतो.

सर्वांत जास्त खटकते ते असममित एककाचेच (सममितीने बाकीचा स्फटिक ज्यातून उभा राहतो तो सर्वांत छोटा तुकडा) चित्र काढून ‘त्रिबंधी इंडियम’ जाहीर करणे. सममितीने रेणू वाढवा, ३.७ आंगस्ट्रॉमच्या आतले इंडियम-सल्फर संपर्क तपासा. अनेकदा दोन इंडियम आणि दोन सल्फरचे चौकोनी कडे समोर येते. ते व्युत्क्रम केंद्रावर (ज्या बिंदूपलीकडे प्रत्येक अणूचा जोडीदार समोरासमोर असतो) बसले असेल तर त्याच्या तंतोतंत सपाटपणावर परिच्छेद लिहू नका: ती सपाटी सममितीनेच लादलेली असते, तिच्यावरून बंधांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.