पीटीच्या तासाला बाटल्यांचे बोलिंग: साहित्य, मांडणी आणि काही खेळ

दहा बाटल्या मांडल्या, एकाने चेंडू सोडला आणि उरलेल्या सत्तेचाळीस जणांनी उकिडवे बसून पाहिले, असा तास झाला की दहाव्या मिनिटाला मागे माती उकरणे आणि ढकलाढकली सुरू होते. बोलिंग शिकवणे अवघड नाही. रांग मोडणे अवघड आहे. खाली दिलेली बाटल्यांची संख्या, अंतरे आणि नियम त्याच हिशेबाने ठरवले आहेत.

48 मुले आणि 35 मिनिटांचा तास धरा. हजेरी, शरीर तापवणे आणि आवराआवर वजा जाता 20 मिनिटे खेळायला मिळतात. चेंडू सोडणे, तो परत येणे, बाटल्या उभ्या करणे याला एका फेरीमागे साधारण 40 सेकंद लागतात, म्हणजे एका पट्टीवर 30 फेऱ्या. चार पट्ट्या आखल्या तर बारा जणांत प्रत्येकाला दोन-तीन वेळाच चेंडू मिळतो. आठ पट्ट्या आखल्या तर सहा जणांत पाच वेळा. म्हणून दहाऐवजी सहाच बाटल्या घ्या (पुढे 1, मधे 2, मागे 3) आणि पट्ट्या वाढवा. एकूण 48 बाटल्या आणि 8 चेंडू. चेंडू दोन जास्तीचे ठेवा. सहा जणांत एक टाकणारा, एक पुढच्या पाळीचा, दोघे बाटल्या उभ्या करणारे, एक चेंडू परत देणारा आणि एक गुण लिहिणारा. प्रत्येक फेरीनंतर सगळे एक जागा पुढे सरकतात, त्यामुळे रिकामे कोणीच उभे राहत नाही.

बाटल्या आणि चेंडू

मुलांना घरून बाटल्या आणायला सांगितल्या की आठ प्रकारच्या येतात आणि प्रत्येक पट्टीचा खेळ वेगळा होतो. एखाद्या मंगल कार्यालयातून एकाच प्रकारच्या घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्या चार तासांत चेपतात. कोल्ड्रिंकच्या बाटल्या जास्त टिकतात.

आत पाणी नको, वाळू भरा. पाणी हिंदकळते आणि बाटली कधी पडते, कधी नुसती डोलते. वाळू चाळून, उन्हात पूर्ण वाळवून घ्या आणि झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा. वाळू किती, हे चेंडूवर ठरते आणि बहुतेकांचे गणित इथेच चुकते. टेनिस बॉल जेमतेम साडेसहा सेंटीमीटर व्यासाचा, 56 ते 59 ग्रॅमचा. जमिनीवरून घरंगळत येताना तो बाटलीला तळापासून तीन सेंटीमीटरवर लागतो. तिथेच वाळूचा भार असला तर बाटली कलंडत नाही, नुसती मागे सरकते. टेनिस बॉलने खेळणार असाल तर दोन-तीन चमचेच वाळू घाला, वाऱ्याने न पडण्यापुरती. व्हॉलीबॉल 260 ते 280 ग्रॅमचा असतो आणि दहा सेंटीमीटर उंचीवर धडकतो. त्याच्यासाठी चहाच्या कपभर, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम वाळू चालते. मातीच्या मैदानावर व्हॉलीबॉलच घ्या. टेनिस बॉल प्रत्येक खड्याला दिशा बदलतो आणि नीट टाकणारे मूलही हिरमुसते.

खऱ्या टेनपिन (दहा पिनांच्या) बोलिंगमध्ये पिन, म्हणजे पाडायची खुंटी, 15 इंच उंच असते आणि शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत 12 इंच अंतर असते, म्हणजे उंचीच्या चार-पंचमांश. त्यामुळे पडणारी पिन शेजारचीला घेऊन पडते. लिटरच्या बाटलीला हेच प्रमाण लावले तर अंतर 21-22 सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. याहून लांब मांडल्या तर टेनिस बॉल मधून सरळ निघून जातो.

बाटल्यांच्या जागांवर ठिपके हवेतच, नाहीतर दर वेळी त्रिकोण वेगळा होतो आणि भांडणे लागतात. पट्टीच्या रेषा फक्कीने आखल्या तरी ठिपके रांगोळीचे द्या: तिथे मुलांचे हात सारखे लागतात आणि चुन्याचा हात डोळ्यात गेला तर आग होते. सिमेंटच्या अंगणात खडू पुरतो.

टाकण्याच्या रेषेपासून बाटल्यांपर्यंतचे अंतर पहिली-दुसरीला 3 मीटर, तिसरी ते पाचवीला 4 ते 5, सहावी ते आठवीला 6 ते 7. पहिलीतल्या मुलांना मोठा हलका चेंडू दोन्ही हातांनी, पाय फाकवून पायांमधून सोडू द्या. दहापैकी आठ वेळा सगळ्या बाटल्या पडू लागल्या तर अंतर वाढवा. तीनदा ओळीने काहीच पडले नाही तर त्या मुलापुरती रेषा मीटरभर पुढे घ्या.

बाटल्यांमागे बाक आडवा टाकण्याचा मोह होतो. चेंडू त्यावर आपटून परत येतो आणि उभ्या राहिलेल्या बाटल्या मागून पाडतो. त्याऐवजी दोरीवर गोणपाट सैल टांगा, चेंडू तिथेच मरतो.

चेंडू सोडायचा कसा

क्रिकेटची सवय असल्याने पहिल्या दिवशी निम्मा वर्ग हात डोक्यावरून फिरवतो. ते आधीच थांबवा. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, हात घड्याळाच्या लंबकासारखा सरळ मागे आणि सरळ पुढे. चेंडू पुढच्या पायाच्या घोट्याजवळ, जमिनीलगत सुटला पाहिजे आणि सुटल्यावरही हात नेमाच्या दिशेने खांद्यापर्यंत जाऊ द्यायचा.

चेंडू टप्पे खात गेला तर गुडघा वाकलेला नाही किंवा चेंडू उशिरा सुटला आहे. उजव्या हाताचा चेंडू सारखा डावीकडे जात असेल तर हात पोटासमोरून आडवा येतो आहे. दंड कानाच्या रेषेत न्यायला सांगा. नजर बाटल्यांवर ठेवण्यापेक्षा रेषेपुढे मीटरभरावर एक खूण करून तिच्यावरून चेंडू न्यायला सांगितले तर नेम लवकर सुधारतो. खऱ्या लेनवर बाण काढलेले असतात ते याचसाठी.

पुढच्या बाटलीच्या बरोबर मध्ये मारले तर हलका चेंडू तिथेच अडतो आणि ती बाटली मागच्या दोघींमधून निघून जाते. पुढचीच्या किंचित बाजूला लागले तर चेंडू एका अंगाला आणि बाटली दुसऱ्या अंगाला जाते, आणि दोन्हीकडचे गडगडते. हे सांगू नका. दोन्ही प्रकारे टाकायला लावून मुलांनाच मोजू द्या.

खेळ

पहिल्या तासाला बाटल्या पाडूच नका, दारे करा. दोन बाटल्यांमध्ये 60 सेंटीमीटरचे दार, त्यातून चेंडू गेला की मागचे 40 चे, मग 25 चे. काही उभे करायचे नसल्याने मिनिटात तीन-चार जण टाकून होतात.

त्यानंतर नेहमीचा डाव, प्रत्येकाला दोन चेंडू. सातवीपासून खरी गुणपद्धत शिकवायला हरकत नाही: पहिल्याच चेंडूत सगळ्या पडल्या (स्ट्राइक) तर पुढच्या दोन चेंडूंचे गुणही मिळतात, दोन चेंडूंत पडल्या (स्पेअर) तर पुढच्या एकाचे. पहिल्या डावात 4 आणि 2 पडल्या, दुसऱ्यात 3 आणि 1, तर पहिला डाव 6 अधिक 3 म्हणजे 9, दुसरा 4, एकूण 13. लहानांना मात्र पडल्या तेवढे गुण पुरे.

सगळ्यात रंगतो तो नेमक्या वीसचा खेळ. त्याचा मूळ नमुना फिनलंडचा मोल्क्की. त्यात आकडे घातलेल्या 12 लाकडी खुंट्या लाकडी तुकडा फेकून पाडतात, नेमके 50 गुण करायचे असतात आणि पुढे गेले की 25 वर परत यावे लागते. आपण सहा बाटल्यांवर 1 ते 6 आकडे चिकटवायचे, 6 ची बाटली मागच्या ओळीत मधे. एकच बाटली पडली तर तिच्यावरचा आकडा मिळतो. एकाहून जास्त पडल्या तर जितक्या पडल्या तितकेच गुण. तिघांविरुद्ध तिघे, नेमके 20 झाले की जिंकले, वर गेले की 10 वर परत. बाटली जिथे पडली तिथेच उभी करायची, ठिपक्यावर परत आणायची नाही. त्यामुळे मांडणीचा वेळ वाचतो, बाटल्या पांगत जातात आणि जोरात टाकणाऱ्याचा फायदा संपतो. शेवटी तीन गुण हवे असताना एकच बाटली हळू पाडायला निघालेले मूल पहिल्यांदाच जोर आवरते.

किल्ला या खेळात समोरच्यांच्या बाटल्या पाडायच्या आणि आपल्या राखायच्या. त्यासाठी दोन पट्ट्या एकत्र करा. सहा विरुद्ध सहा, मधे 10 मीटर, दोन्हीकडे सहा बाटल्या मीटर-मीटरवर एका ओळीत, चार मऊ चेंडू. हात-पाय लावून चेंडू अडवता येतो, पण बाटल्यांपुढच्या दीड मीटरमध्ये रक्षकाने उभे राहायचे नाही, नाहीतर भिंतच होते. मधली 3 मीटरची पट्टी कोणीही ओलांडायची नाही. तिथे थांबलेले चेंडू शिट्टी झाल्यावरच उचलायचे. चेंडू गुडघ्याच्या वर उडाला तर तो बाद आणि समोरच्यांची पडलेली एक बाटली परत उभी. या शेवटच्या नियमाने फेकाफेक आपोआप थांबते.

लगोरी घरंगळत्या चेंडूने खेळायचा प्रयोग सातही चपट्या दगडांवर फसतो, कारण चेंडू सर्वात खालच्या, सर्वात जड दगडाला लागतो. त्याऐवजी रिकाम्या डब्यांचा 3-2-1 मनोरा रचा. पाडणाऱ्यांनी तो परत रचायचा आणि दुसऱ्या संघाने तेवढ्या वेळात आपसात दहा पास पूर्ण करायचे.

आठ पट्ट्यांचे साधे खेळ असले की सगळे एकाच दिशेने टाकतात: एक शिट्टी म्हणजे टाका, दोन म्हणजे बाटल्या उभ्या करा. दोन शिट्ट्यांच्या आधी कोणीही पट्टीत जायचे नाही.

सगळ्यांना खेळता यावे म्हणून

व्हीलचेअरवरच्या मुलासाठी चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दीड मीटरची पन्हळ करा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. पॅरालिम्पिकमध्ये 1984 पासून असलेल्या बोचा खेळातही अशी उतरण वापरतात आणि ती धरणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. तोच नियम पाळा: दिशा आणि उंची मुलाने सांगायची, मदतनिसाने फक्त हलवायची. दृष्टिहीन मुलासाठी प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूत घुंगरू घाला आणि बाटल्यांच्या मागून एकाने टाळी वाजवायची, चेंडू सुटेपर्यंत इतरांनी गप्प राहायचे.

बोचा सगळ्या वर्गालाही खेळता येतो. पांढरा चेंडू पुढे सोडायचा आणि आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. मूळ चेंडू 275 ग्रॅमचे असतात, लाल सहा आणि निळे सहा. जुन्या मोज्यात पिशवीबंद अडीचशे ग्रॅम वाळू भरून घट्ट शिवले की काम भागते. ज्वारी भरू नका, क्रीडा साहित्याच्या खोलीत उंदीर येतात.