घरच्या व्हिस्कीला ब्रँडची चव: आधी ओक, मग बाकी सगळं

बाटलीत इसेन्स ओतला की बोर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) तयार, असं होत नाही. अशी व्हिस्की पहिल्याच घोटाला ओळखू येते: वास दणकून येतो आणि जिभेवर मागे काहीच उरत नाही. ती पोकळी लाकूडच भरतं.

त्याआधी मूळ दारू स्वच्छ हवी. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून कौतुक होतं, पण गाळताना सुरुवातीला येणारा उग्र भाग टाकूनच द्यायचा असतो. चव घालून तो दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. औद्योगिक स्पिरिटला हातही लावू नका; त्यात मिथेनॉल असू शकतं, ते चवीला कळत नाही आणि दृष्टी घेतं, जीवही घेतं. बहुतेक देशांत घरी गाळायला बंदी आहे किंवा परवाना लागतो (न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती मुभा आहे). परवाना नसेल तर विकत मिळणारं, पिण्यायोग्य न्यूट्रल स्पिरिट (बिनचवीचं शुद्ध अल्कोहोल) वापरा.

लाकूड अमेरिकन पांढऱ्या ओकचं घ्या. फर्निचरचे उरलेले तुकडे नकोत, त्यांत डिंक आणि पॉलिश मुरलेलं असतं. बोटाएवढे तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास भाजा. खमंग, व्हॅनिलासारखा वास सुटला की झालं. बोर्बनची छटा हवी असेल तर नंतर गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चने वरचा थर काळा करून लगेच पाण्यात विझवा. काचेच्या बरणीत ५५ ते ६२ टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये लिटरला १० ग्रॅम तुकडे घालून दोन महिने ठेवा. लाकडाच्या पातळ चिप्स असतील तर ३–४ ग्रॅम पुरतात, पण त्या भराभर रंग सोडतात, म्हणून चौथ्या दिवसापासून रोज चाखा. जीभ आक्रसली, कडक चहासारखा तुरटपणा आला, तर उशीर झाला. मग त्यात साधं स्पिरिट मिसळूनच ती सुधारते. लवकर व्हावं म्हणून बरणी गॅसवर ठेवायचा मोह होतो. ही वाफ पेट घेते.

मग ब्रँडची खूण. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीसाठी, म्हणजे लाफ्रोएग किंवा आर्डबेगच्या वळणाची हवी असेल, तर पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेलं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं बार्ली, लिटरला २० ग्रॅम घालून तीन दिवसांनी गाळा. लॅपसांग या धुरावलेल्या चिनी चहानेही धूर येतो, पण तो पाइनचा. औषधी, आयोडिनसारखा वास त्यात नसतो. मॅकॅलनच्या शेरीपिंपाची आठवण हवी असेल तर भाजलेले तुकडे तीन आठवडे ओलोरोसो शेरीत (गडद स्पॅनिश वाइनमध्ये) भिजवा, निथळा आणि मगच वापरा. जॅक डॅनियल्सचा मऊपणा स्पिरिट पिंपात जाण्याआधी शुगर मेपलच्या कोळशातून झिरपवल्यामुळे येतो. नंतर साखर घालून तो येत नाही.

मापाची चूक इथे सगळ्यात महागात पडते. पूर्ण बरणीत काहीही टाकू नका. १०० मिली वेगळं काढा, चव १ मिलीच्या सिरिंजने घाला, किती घातलं ते लिहा. त्यातलं थोडं ग्लासात घेऊन अल्कोहोल २० टक्क्यांवर येईपर्यंत पाणी घाला आणि हुंगा; तीव्र अल्कोहोलपुढे नाक बधिर होतं.

शेवटी पाणी. ६२ टक्क्यांच्या एक लिटरचं ४० टक्के करायचं तर एकूण १,५५० मिली होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी घाला. जड पाण्याने साका बसतो. साखर किंवा कॅरॅमल त्यानंतरच, कारण साखर विरघळल्यावर अल्कोहोलमीटर खरं दाखवत नाही. ४६ टक्क्यांच्या खाली थंडीत धूसरपणा आला तर घाबरू नका. ती लाकडातली आणि धान्यातली तेलं आहेत. कंपन्या ती गार करून गाळून टाकतात. चवीसाठी राहू दिलेली बरी.