गच्चीवरच्या भाजीसाठी कुंडी आणि वाफा कसा निवडावा

रोज पाच-सहा तास ऊन हवं, नळ जवळ हवा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. थेट खरेदीकडे येऊ. नर्सरीत गेलं की कुंडीचं तोंड सांगतात: दहा इंची, बारा इंची, चौदा इंची. भाजीला तोंडाशी फारसं देणंघेणं नसतं, तिला खोली लागते. तेव्हा आधी काय लावायचं ते ठरवा आणि मोजपट्टी घेऊन दुकानात जा.

१. भाजीप्रमाणे खोली

मेथी, कोथिंबीर, पालक, माठ यांना सहा ते आठ इंच पुरतात. मासळीवाल्याकडची थर्माकोलची पेटी किंवा आतून गोणपाट लावलेलं फळांचं क्रेट त्यांना झकास. मुळ्याला फूटभर. मिरची, वांगं, टोमॅटो यांच्या एका झाडाला बारा ते पंधरा इंच खोली आणि १५ ते २० लिटर जागा द्या. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा धुऊन घेतला की काम भागतं. दुधी, दोडका, कारलं यांना दीड फूट आणि ४० लिटरच्या पुढे. २०० लिटरचा निळा ड्रम मधोमध आडवा कापला की दोन वेलांची सोय होते. रुंदी खरोखर मागतात ती आलं आणि हळद, कारण त्यांचे कंद आडवे पसरतात.

आठ इंची कुंडीत टोमॅटोचं पीक दाखवणारे फोटो पाहून भुलू नका. फोटो एका दिवसाचा असतो.

२. कशाची घ्यावी

मातीची कुंडी दिसते छान, पण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते. ग्रो बॅग घ्यायची तर एचडीपीई या चिवट प्लास्टिकची आणि किमान २२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या कापडाची. पातळ बॅग एका उन्हाळ्यात चिरते. विदर्भ-मराठवाड्यात काळा रंग टाळाच, आतली मुळं भाजून निघतात. तेलाचा पत्र्याचा डबा गंजतो, तरी एक-दोन हंगाम चालतो. प्लायवूड पहिल्याच पावसात फुगतं. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा ड्रम फुकट मिळाला तरी घरी आणू नका.

३. पाण्याचा निचरा

खरा घोळ इथे होतो, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. जो तो सांगतो, तळाला विटांचे तुकडे नाहीतर खडी घाला, निचरा सुधारतो. सुधारत नाही, बिघडतो.

माती पाणी धरते ती केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पाणी ओढून धरण्याने. भरपूर पाणी घातलं, भोकातून गळायचं थांबलं, तरी तळाचा एक थर गच्च ओलाच राहतो, कारण तेवढं पाणी खाली ओढायला गुरुत्वाकर्षण अपुरं पडतं. खाली खडी असली तर मातीच्या बारीक छिद्रांतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब होईपर्यंत ते खडीच्या डोक्यावर अडून बसतं. म्हणजे ओला थर जात नाही, दोन इंच वर सरकतो. मुळांची तेवढी जागा मात्र जाते.

पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळायचं थांबलं की उभा करा. पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, वाढली ती उंची.

ओल्या थराची जाडी कुंडीत भरलेल्या मातीच्या मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा, तुमच्या मिश्रणात तो तीन इंचांचा आहे. सहा इंच खोल कुंडीत अर्धी माती गच्च ओली. पंधरा इंच खोल डब्यात जेमतेम पाचवा हिस्सा. उथळ कुंडीतली मिरची पावसाळ्यात पिवळी पडते ती बऱ्याचदा यामुळेच, आणि माणसं तिला खत घालत बसतात. मुळांना हवाच नाही तिथे खत काय करणार?

तेव्हा कुंडी खोल घ्या, खडी फेकून द्या आणि मिश्रण ढिलं ठेवा. शेतातली काळी माती कुंडीत नकोच. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. २० लिटरच्या डब्याला तळाशी करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा, शिवाय बाजूला अगदी तळालगत दोन. तळापासून दोन इंच वर भोक पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. माती वाहू नये म्हणून भोकांवर शेडनेटचा तुकडा पुरतो. डबा विटांवर ठेवा, नाहीतर फरशीला टेकून भोकं बंद होतात. खाली बशी ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डासच होतात.

४. वाफा

जमिनीवर असेल तर फूटभर उंच गादीवाफा करा, तळ उघडा ठेवा, खाली प्लास्टिक अंथरू नका. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी चार फूट, भिंतीलगत दोन. वाफ्यात पाय देऊन काम करावं लागलं की माती दबलीच.

गच्चीवर प्रश्न वजनाचा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १६०० ते १९०० किलो, म्हणजे फूटभर उंचीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरतात तो चौरस मीटरला साधारण १५० किलो. वाफा तुळईवर किंवा खांबालगत घ्या आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंड्याच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका. कोब्यावर थेट माती टाकू नका. पायांवर उभा केलेला तयार वाफा घ्या, म्हणजे खालून उताराचं पाणी वाहतं आणि गळती लागली तर दिसते.

भरताना माती कमीत कमी. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, पालापाचोळ्यातून माती घडवण्यावर भर दिला, तो गच्चीवर दुप्पट कामाचा ठरतो. पालापाचोळा, रसवंतीतली चिपाडं, कोकोपीट, शेणखत आणि थोडी लाल माती, वर मूठभर निंबोळी पेंड.

हे मिश्रण कुजताना बरंच खाली बसतं. मेमध्ये काठोकाठ भरा आणि एक गोणी बाजूला ठेवा, जुलैत वरून घालायला.