बर्लिन की व्हिएन्ना? राहायचं शहर कसं पारखावं, तेही कमी खर्चात

पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेतानाही आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो. परदेशातलं शहर मात्र क्रमवारीच्या याद्या वाचून ठरवतो. माझ्या भाचीला बर्लिन आणि व्हिएन्ना अशा दोन्हीकडून नोकरी चालून आली, तेव्हा आम्ही पुढच्या क्रमाने गेलो. तुम्हीही तसंच करा.

1. आधी पगार वर्षाचा धरा. ऑस्ट्रियात पगार साधारणपणे वर्षातून 14 वेळा होतो आणि तेरावा-चौदावा पगार कमी कराचा असतो. त्यामुळे महिन्याचे आकडे शेजारी ठेवलेत तर व्हिएन्ना उगाच कमी दिसेल. दोन्हीकडचं वर्षाचं उत्पन्न कर आणि विमा वजा करून हातात किती येतं, तेवढंच बघा.

2. मग घरांच्या जाहिराती वाचा. यावर निदान दोन रविवार घालवा, कारण खरा फरक इथेच कळतो. बर्लिनच्या जाहिरातीत ‘काल्टमिटे’ म्हणजे नुसतं भाडं. ‘वार्ममिटे’मध्ये देखभालीचा आणि बहुधा हीटिंगचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट त्यावर वेगळं, शिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी. अनामत तीन काल्टमिटेपेक्षा जास्त मागता येत नाही.

आणि स्वयंपाकघर आहे का, हे आवर्जून विचारा. भाचीने पाहिलेल्या एका घरात स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून आलेले दोन नळजोड, शेगडीच्या वायरचं टोक आणि फरशीवर कपाटाच्या पायांचे चार डाग. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू घेऊन गेला होता. जर्मनीत हे सर्रास चालतं, आणि नवीन स्वयंपाकघर बसवायचं तर मोठी रक्कम जाते.

व्हिएन्नात जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा अनुदानित सहकारी घरांत राहतात. 1930 साली उघडलेली, किलोमीटरभर लांबीची कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत आजही वापरात आहे. नव्या माणसाला असं घर लगेच मिळत नाही, पण त्यामुळे शहरातली भाडी आटोक्यात राहायला मदत होते.

3. आता जाऊन या, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जा. मे महिन्यात सगळीच शहरं गोड वाटतात. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. तो अंधार तुम्हाला सोसतो का, हे तिथे आठवडाभर राहिल्याशिवाय कळणार नाही. ख्रिसमसचे दिवस टाळलेत तर या काळात विमानाची तिकिटंही उन्हाळ्यापेक्षा स्वस्त असतात.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई-बर्लिन आणि येताना व्हिएन्ना-मुंबई असं काढा, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. मधलं अंतर रेल्वेने, प्राग करून जा. बर्लिन-प्राग आणि प्राग-व्हिएन्ना हे दोन्ही टप्पे साधारण चार-चार तासांचे आहेत. चेक रेल्वेच्या साइटवर लवकर बघितलंत तर तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. प्रागमध्ये एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नको म्हणा. हिशेब कोरुना या तिथल्या चलनातच होऊ द्या.

जाऊन यायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा लागतो. त्याची फी 90 युरो आहे आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर आधी जिथे उतरणार त्याच्याकडे. या व्हिसावर फक्त बघता येतं, नोकरी करता येत नाही.

4. तिथे पर्यटकासारखे राहू नका. जिथे घर घ्यावंसं वाटतंय, त्याच भागात खोली घ्या. सोमवारी सकाळी आठला तिथून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघा. संध्याकाळी तिथल्याच दुकानातून तूरडाळ, कोथिंबीर, दूध आणा आणि बिल जपून ठेवा. रविवारी दोन्ही शहरांत किराणा दुकानं जवळपास सगळी बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरका. रिकाम्या बाटल्या फेकू नका. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीमागे अनामत म्हणून घेतलेले 25 सेंट परत मिळतात, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की चिठ्ठी येते. व्हिएन्नात पाणी विकत घेऊच नका. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून नळाला येतं, बाटली भरून घ्या.

भाचीने व्हिएन्ना निवडलं. तिथल्या खोलीपासून ऑफिसपर्यंत तिला ट्रामने 22 मिनिटं लागली होती, बर्लिनमध्ये दोन गाड्या बदलून 55.